डोहातले खेकडे

बाई, मी डोहातला दगड उलटत होते आणि तुम्ही काठावरून ओरडलात, "हळू! कुणाचं तरी घर आहे ते." खाली कुणीच नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळातला उन्हाळा. पुणतांब्याला गोदावरी खडकांमधल्या डोहांपुरती उरली होती. तुम्ही कोकणातून आमच्या शाळेत शास्त्र शिकवायला आलेल्या. फळ्यावर समुद्राचा खडक काढायचात. वरून ऊन भाजतं, खालून शिकारी गोगलगाय चढते, मधल्या पट्ट्यात कालवं जगतात. ऊन वाढलं की पट्टा अरुंद होतो. मग आधी कोण संपेल, खाणारा की खाल्ला जाणारा? तुम्हाला ते आमच्या डोहात पाहायचं होतं. पाणी उतरेल तशा नदीतल्या गोगलगायी खेकड्यांच्या तोंडी जातील, असा तुमचा अंदाज. रोज मोजायचं काम माझं.

गोगलगायी होत्या तेवढ्याच राहिल्या. खेकडे मात्र दिसेनासे झाले. "असं कसं गं?" तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, "ऊन सोसलं नसेल, बाई." तुम्ही ते तिथंच वहीत लिहिलंत आणि म्हणालात, तुमच्या जुन्या सरांना कळवायला हवं, आपला अंदाज उलटा पडला. चुकल्याचा एवढा आनंद झालेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. त्याच दिवशी घरी आई खेकड्यांचा रस्सा वाढते आहे. चार महिने भाजीचं पान दिसलेलं नाही. "तुझ्या बाई मोजत्यात, आमी खातो," ती हसते. "सांगू नगं बरं का त्यास्नी, ताट घिऊन येतील." मी दुसऱ्यांदा वाढून घेते.

गेल्या महिन्यात तुमच्या गावच्या खडकावर गेले होते. समुद्र तापतोय म्हणतात, ते पाहायला. कालवं फोडणाऱ्या बाईला विचारलं, कमी का झाली? उन्हानं वरची मरतात, ती म्हणाली, खालची आम्ही काढतो. हात न थांबवता म्हणाली. मला एवढं साधं बोलता आलं नव्हतं.

आम्ही खाल्ले नसते तर त्या डोहात आधी कोण संपलं असतं, हे मला अजून माहीत नाही. तुम्हालाही कळलं नाही, आणि ते माझ्यामुळं. हे टपालात जायचं नाही, म्हणूनच लिहिता आलं.

त्या रश्श्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला खेकड्यांचं सांगायला वर्गापुढं उभं केलंत. मी उन्हाचं पुन्हा सांगितलं, आदल्या दिवशीपेक्षा जास्त चांगलं.