अकरा नंबरच्या आजींचे श्वास

१४ जुलै, दुपारी साडेतीन

चि. लिंबूटिंबूस,
अनेक आशीर्वाद.

वॉर्डात तुला ह्याच नावाने हाक मारत आले, म्हणून तेच लिहिते. घरी सगळी बरी आहेत ना? तुझं सेकंदकाट्याचं घड्याळ माझ्या कपाटात नीट ठेवलंय. अकरा नंबरच्या आजींना अजून ऑक्सिजन आहे. सकाळी डोळे उघडून म्हणाल्या, "ती बारकी पोरगी कुठंय? तिचे हात ऊबदार होते." मी म्हटलं, "सुट्टीवर आहे." खोटं बोलले.

तुला नर्सिंगला ठेवायचं की काढायचं, हे मेट्रनबाई उद्या नऊला ठरवणार. मलाही बोलावलंय.

मी शिकत होते तेव्हा आमच्या थोरल्या सिस्टर उशाशी माझ्याबरोबर उभ्या राहून रुग्णाचे श्वास मोजायच्या. मिनिट झालं की दोघींनी आकडा सांगायचा. माझा चुकला की म्हणायच्या, "चल गं बाई, पुन्हा. आपल्याला कुठं गाडी पकडायचीय?" 'चुकलं' म्हणायची मला कधी भीतीच वाटली नाही.

तुला ती भीती मी लावली. पहिल्याच आठवड्यात तू म्हणालीस, "सिस्टर, मोजता मोजता विसरले." मी सगळ्यांदेखत म्हणाले, "मग घरी जाऊन पाढे पाठ कर." वॉर्ड हसला. त्यानंतर तू काहीच विसरली नाहीस. मला वाटलं, पोरगी तयार झाली.

परवा दुपारी दोन वाजता तू आजींचे श्वास न मोजता तक्त्यात 'वीस' लिहिलंस. अडीचला डॉक्टरांनी मोजले तर चौतीस, लगेच ऑक्सिजन लावावा लागला. मी ओरडले, "हे कुणी शिकवलं तुला?" तू तक्त्याकडे बघितलंस, मग माझ्याकडे, आणि मान खाली घातलीस.

त्याच तक्त्यात सकाळी दहाच्या रकान्यातला वीस माझ्या अक्षरातला आहे. मीही मोजले नव्हते. आजींजवळ गेलेसुद्धा नव्हते.

तू माझं नाव घेतलं नाहीस, ह्याचीच मला जास्त धास्ती वाटते. उद्या तिथे बसले की निवृत्तीला उरलेले सात महिने आठवतील आणि तोंड उघडणार नाही. म्हणून सगळं लिहून काढलंय. शिपाईमामा दारात उभे आहेत. दोन्ही पाकिटं, तुझं आणि मेट्रनबाईंचं, त्यांच्या हातात देते. परत मागायची बुद्धी होण्याआधी ते जिना उतरू देत.

उद्या ये. आजींचे श्वास दोघी मोजू. माझा आकडा चुकला तर सांग.

तुझ्याआधी वीस लिहिणारी,
तुझी सिस्टर