दबका टोल

सॉल्टफेन
रविवार, १४ ऑक्टोबर २०१८

प्रिय डेस,

खुशाल आहेस ना? गुडघा काय म्हणतोय? फोन न करता लिहायला बसले, कारण फोनवर तू आवाज चढवतोस, मग मीही चढवते, आणि पुढचे दोन महिने आपण एकमेकांचे वाढदिवस विसरल्याचं नाटक करतो. कागदावर तुला मला मध्येच तोडता येणार नाही.

इकडे सगळं ठीक. यंदा कोबी चांगला आला, पण काढायला माणसं नाहीत. पॅकिंगच्या शेडमधली निम्मी मुलं आपापल्या देशी परत गेली. आपल्या घंटा ओढणाऱ्या मंडळीतले सिरिल ब्याऐंशीचे झाले, तरी चर्चच्या मनोऱ्याचा जिना चढतात आणि वर पोचल्यावर दम लागलाच नाही असं दाखवतात. तू समुद्रकाठी राहायला गेल्यापासून तुझी पाचवी घंटा नोएल ग्रमिट ओढतो. खाटकाचा हात आहे, फार जोर लावतो.

एक बातमी आहे. रॉबिनने घर विकलं. ऑगस्टमध्ये तो आणि किंगा छोट्या इगाला घेऊन पोलंडला गेले, किंगाच्या माहेरी. तुला कोणी कळवलं नसणार. तुझा एकुलता एक मुलगा, डेस. नात दीड वर्षाची झाली आणि तू तिला पाहिलेलं नाहीस. निघायच्या दिवशी रॉबिन माझ्या दारात आला होता. "आत्या, बाबांना काही सांगू नकोस, विचारलं तरच सांग," म्हणाला. तू विचारलं नाहीस, तरी सांगते आहे.

दोन वर्षांपूर्वी त्या रविवारी मनोऱ्यात जे झालं ते मला उगाळायचं नाही. युरोपातून बाहेर पडायच्या सार्वमताचा निकाल लागून दोनच दिवस झाले होते, सगळ्यांचीच डोकी फिरलेली होती. तुला "आपल्या विजयाच्या" घंटा वाजवायच्या होत्या, आणि वाजल्या त्या मयताच्या. घंटांच्या आतल्या लोलकांना एका अंगाने चामड्याचे पट्टे बांधलेले निघाले, मयताला आवाज दबावा म्हणून बांधतात तसे. तू किंगाकडे बोट दाखवलंस, रॉबिन बायकोच्या बाजूने उभा राहिला आणि संपलं. कोणी बांधले, का बांधले, जाऊ दे आता.

लिहायचं होतं ते वेगळंच. ऑगस्टपासून घंटा तशाच वाजतायत.

बाबा गेले तेव्हा आपण वाजवल्या होत्या ना, तशा. एक टोल खणखणीत, दुसरा दबका, जणू पहिलाच टोल शेताडीपलीकडून परत आला. नोएल टॉर्च घेऊन वर गेला. लोलक उघडे. सहाही पट्टे पेटीत, बकल लावलेले. घंटांची कामं करणारा एक माणूस बोलावला, त्याने अर्धा दिवस ठोकून पाहिलं आणि सांगितलं, घंटा ठणठणीत आहेत, तुमचे कान तपासा.

आणि गंमत म्हणजे सगळ्यांना ऐकू येतच नाही! रस्त्यावर एक जण थांबून टोपी काढतो, "कोण गेलं?" विचारतो, आणि त्याच्या शेजारचा म्हणतो, "कोण जाणार? रविवार आहे, चर्चला चल." आधी वाटलं, माझ्या बाजूने मत दिलेल्यांना ऐकू येतं आणि तुझ्या बाजूच्यांना नाही. पण नोएल तुमच्यातला, त्याला ऐकू येतं. शाळेच्या बाई आमच्यातल्या, त्यांना नाही. शेवटी पबमध्ये भांडण इतकं पेटलं की मालकाने हात वर करायला लावले. सव्वीस जण म्हणाले ऐकू येतं, चोवीस म्हणाले काही नाही. आता ते चोवीस म्हणतात, सव्वीस जण खोटं बोलतायत, आणि सव्वीस म्हणतात, आता निकाल लागलाय, गप्प बसा.

मला ऐकू येतं, हे वेगळं सांगायला नको.

तब्येत सांभाळ.
ॲव्हिस


सॉल्टफेन
रविवार, १८ नोव्हेंबर २०१८

प्रिय डेस,

तुझं कार्ड मिळालं. "म्हातारचळ" एवढा एकच शब्द लिहायला तू इतका महागडा कागद का घेतलास? पण खाली "ते पोलंडमध्ये नक्की कुठे?" असंही लिहिलं आहेस. ते बारीक अक्षरात लिहिलंस म्हणून मला दिसणार नाही असं वाटलं का? ल्युब्लिनजवळच्या खेड्यात आहेत. पत्ता माझ्याकडे आहे.

गेल्या रविवारी युद्धातल्या मृतांचा दिवस होता. रीतीप्रमाणे पट्टे बांधायचे होते. सिरिल म्हणाले, "ॲव्हिस, तूच जा, तुझा हात बसलेला आहे." मी नाही म्हटलं. का, ते त्यांनी विचारलं नाही. नोएल गेला आणि सगळ्या लोलकांच्या एका अंगाला पट्टे बांधून आला.

मग आम्ही दोर धरले. पहिला टोल दबका आला. म्हटलं ठीक आहे, तो पट्ट्याचा. आता दुसरा खणखणीत येईल. दुसराही दबका आला. डेस, जिथे पट्टा नव्हता तिथेही दबका आला. मग सगळेच. दोन्ही अंगांनी बांधलेल्या घंटा मी आयुष्यात एकदाच ऐकल्यात, राजे गेले तेव्हा, आईच्या कडेवरून. हातात दोर ओढला जातो, वर टनभर धातू फिरतो, जमीन हादरते, आणि कानावर येतं ते फक्त गादीवर काहीतरी पडल्यासारखं. मला तिथून पळून जावंसं वाटलं, पण फिरता दोर मध्येच सोडता येत नाही.

खाली स्मारकापाशी सगळं गाव उभं होतं. या वेळी कोणी कोणाला वेड्यात काढलं नाही, कारण या वेळी सगळ्यांनी ऐकलं. दोन मिनिटांचं मौन पाळायचं होतं, ते पाच-सहा मिनिटं चाललं. पाद्रीबाईंना ते थांबवायचं सुचेना. कोणी तरी पहिल्यांदा हलायला हवं होतं आणि कोणालाच पहिलं व्हायचं नव्हतं.

घरी येऊन मी कोट न काढता स्वयंपाकघरात बसून राहिले. तुझ्या मुलाला मी अंगाखांद्यावर खेळवलंय. किंगाला दोर धरायला मी शिकवलं, पट्टे बांधायलाही मीच शिकवलं, सार्वमताच्या आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात. तू तिच्याकडे बोट दाखवलंस ते त्यामुळेच ना? "मनोऱ्यात हे काम सिरिल, ॲव्हिस आणि ही, तिघांनाच येतं," असं तू म्हणाला होतास. सिरिल तेव्हा इस्पितळात होते. म्हणजे राहिलो दोघी. माझा विचारही तुझ्या मनात आला नाही.

आज एवढंच. हात गार पडलेत.
ॲव्हिस


सॉल्टफेन
रविवार, २४ मार्च २०१९

प्रिय डेस,

हे पत्र चार वेळा फाडलं. आता पाचवं लिहिते आहे, फाडायच्या आत पोस्टाच्या पेटीत टाकणार आहे.

पट्टे मी बांधले होते.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी. तू पोस्टाच्या दारात उभा राहून नोएलला सांगत होतास, "उद्या असा घणघणाट करू की ब्रसेल्सपर्यंत जाईल." तू मला पाहिलंस आणि डोळा मारलास. बस. मला इतका राग आला होता की जिना कसा चढले ते आठवत नाही. म्हटलं, वाजव. वाजव आणि काय मेलंय ते सगळ्या गावाला ऐकू दे. मला ती मस्करी वाटत होती, डेस. मी मनाशी हसत खाली उतरले.

रविवारी तू दोर टाकून किंगासमोर उभा राहिलास. "आमच्या घरात येऊन आमच्याच नावाची मयताची घंटा वाजवतेस? जिथून आलीस तिथे चालती हो!" ती म्हणाली, "बाबा, मी नाही केलं." तुला ती बाबा म्हणायची. त्या वेळी तिला दिवस गेले होते, अजून कोणाला सांगितलं नव्हतं. रॉबिन म्हणाला, "बाबा, तिची माफी मागा, नाहीतर मी तुमचा नाही." आणि मी माझा दोर गुंडाळत होते. गुंडाळलेला दोर सोडून पुन्हा गुंडाळत होते. तू सार्वमत जिंकला होतास आणि मला वाटलं, निदान एका गोष्टीत तुझी चूक होऊ दे. इतकं कोतं मन होतं माझं. नंतर भीती वाटू लागली, आणि नंतर तर सांगायची वेळच निघून गेली.

गेल्या महिन्यात मनोऱ्यात सगळ्यांसमोर सांगून टाकलं. सिरिल चष्मा पुसत बसले. नोएल म्हणाला, "तीन वर्षं, ॲव्हिस? आम्ही त्या पोरीला रस्त्यात ओळख द्यायचं बंद केलं होतं!" मला वाटलं होतं, कबूल केलं की तो दबका टोल थांबेल. थांबला नाही. आज सकाळी तर मला तो आधी आला आणि खणखणीत मागून. येत्या शुक्रवारी देशाने खरंच युरोपातून बाहेर पडायचं होतं, तेही पुढे ढकललं म्हणतात. तुझे लोक चिडलेत, माझे आनंदात आहेत, आणि मला दोघांकडेही बघवत नाही.

किंगालाही मी सगळं लिहिलं. क्षमा मागितली. काल तिचं उत्तर आलं. तू तिला बोललास त्याची शिक्षा मला हवी, हे तुला कळावं म्हणून तिचे शब्द आहेत तसे उतरवते:

"आत्या, मला माहीत होतं. शनिवारी मी फुलं लावायला चर्चमध्ये आले होते. तुम्ही जिन्यातून उतरलात, स्वेटरला कोळ्यांची जाळी लागली होती, तुम्ही हसत होतात. मला काही कळलं नाही. रविवारी कळलं. रॉबिनलाही मी सांगितलं नाही, त्याने बाप गमावला होता, आत्या तरी राहू दे म्हटलं. मला खात्री होती तुम्ही स्वतः बोलाल. म्हणून पुढचे तीन रविवार मी मनोऱ्यात आले. कोणी माझ्याशी बोलत नव्हतं, तरी दोर धरून तुमच्यासमोर उभी राहायचे."

डेस, मला ते तीन रविवार आठवतात. ती माझ्याकडे बघायची आणि मी तिला सांगायचे, "दोराकडे लक्ष दे, किंगा."

पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. जा. माझं नाव घेऊन शिव्या दे, पण जा.

त्या पोरीच्या डोळ्यांदेखत तीन रविवार गप्प राहिलेली,
तुझी बहीण
ॲव्हिस