वाटणी माझी, निवड तिची

३ जानेवारी, रविवार

माझी बायको विबेके घर सोडून जाणार आहे. काल ख्रिसमसचं झाड खाली कचऱ्यापाशी टाकून आल्यावर म्हणाली, हातमोजे काढता काढता. म्हणाली, एस्किल, मी एक मार्चपासून कोएगेला फ्लॅट घेतलाय. मी म्हटलं, बरं. मग म्हटलं, कोएगेच का? ती म्हणाली, तिथे समुद्र आहे. समुद्र कोपनहेगनलाही आहे, आपल्या घरापासून सायकलने फार तर पाऊण तास. हे मी तिला समजावून सांगितलं. ती आंघोळीला गेली.

काही वाटलं नाही. नसा मजबूत आहेत. आयुष्यभर पटावर हेक्स खेळल्याचा फायदा.

नव्या वर्षाचे संकल्प: रोज नोंद. लोणी कमी. मंगळवारच्या हेक्स क्लबात यंदा पहिला नंबर. विबेकेला जाऊ न देणं.

५ जानेवारी, मंगळवार

क्लब. वाचनालयाचं तळघर. एकूण सात मेंबर, बर्फामुळे आज चारच. पोल-एरिककडून हरलो. पोल-एरिक हा निवृत्त चष्मेवाला, माझा जुना मित्र. खेळ बेताचा.

नियम इथे एकदा लिहून ठेवतो. पुढे या खेळावर पुस्तक लिहीन तेव्हा शोधाशोध नको. षटकोनी घरांचा पट. लालने समोरासमोरच्या आपल्या दोन कडा सोंगट्यांची सलग साखळी करून जोडायच्या, निळ्याने आपल्या दोन. जो आधी जोडेल तो जिंकला. बरोबरी होऊच शकत नाही. पहिली चाल ज्याची त्याचं पारडं जड, म्हणून अदलाबदल: पहिल्याने एक सोंगटी ठेवायची, मग दुसऱ्याने ठरवायचं, ही सोंगटी माझी की तुझी. म्हणजे पहिली सोंगटी फार चांगल्या जागी ठेवणं हा शुद्ध वेडेपणा. नवशिके हमखास करतात.

मी आज मधोमध ठेवली. ती पटावरची सर्वात उत्तम जागा आहे. पोल-एरिकने लगेच उचलली. म्हणाला, लेका, तू दर मंगळवारी मला भेट देतोस. त्यालाही माझ्या चालीची किंमत कळते तर. पुढच्या वेळी कडेला ठेवणार. ठरलं.

१० जानेवारी, रविवार

विबेके आता शिवणाच्या खोलीत झोपते. माझ्या घोरण्यामुळे असावं.

आज नाश्त्याला म्हणाली, सामानाचं काय ते ठरवून टाकू, वकील-बिकील नको. तू दोन भाग कर, मी एक निवडते. तुझ्या त्या खेळातल्यासारखं. मी विचारलं, कधी? ती म्हणाली, फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी. आणि मग राय ब्रेडवर लिव्हर पेस्ट लावत बसली, जणू काही विशेष बोललीच नाही.

मनातल्या मनात हसलो. मला, हेक्समध्ये आव्हान.

विबेके पूर्वी खेळायची. शेवटचा डाव आम्ही बागेतल्या घरी खेळलो, मुलगी शाळेत होती तेव्हा. त्यात विबेके जिंकली. त्या दिवशी मला सर्दी होती. तेव्हापासून पट मी क्लबातच ठेवतो.

१२ जानेवारी, मंगळवार

हरलो. मधोमध ठेवली. कडेला ठेवायचा पक्का विचार होता, पण कडेची जागा पाहिली की मन उठतं.

१७ जानेवारी, रविवार

सापडलं. सकाळी मोजे शोधताना.

हेक्समध्ये पूल नावाची रचना असते. आपल्या दोन सोंगट्या, मध्ये दोन रिकामी घरं. समोरच्याने एका घरात पाय ठेवला की आपण दुसऱ्यात. त्याने दुसऱ्यात ठेवला की आपण पहिल्यात. काहीही केलं तरी आपण जोडलेलेच. पूल तोडता येत नाही.

आता हेच घराला लावायचं. प्रत्येक वस्तूचा एक भाग लाल ढिगात, दुसरा निळ्या ढिगात. विबेकेने लाल घेतला तर उरलेल्या भागासाठी तिला माझ्याकडे यावंच लागेल. निळा घेतला तरी यावंच लागेल. महिन्यातून दोन-तीनदा तरी. आली की कॉफी. कॉफीला बसली की उशीर. कोएगेची गाडी तशीही वेळेवर नसते. मे महिन्यापर्यंत परत इथेच.

इतकी सुंदर रचना मी पटावर कधी केली नव्हती. लोणी लावून ब्रेड खाल्ला. अपवाद म्हणून.

२४ जानेवारी, रविवार

वाटणी सुरू. लाल आणि निळी चिकटपट्टी आणली. बैठकीच्या खोलीत दोन ढीग, मधून खिडकीपर्यंत पायवाट.

शिवणयंत्र लाल, त्याचं पेडल निळं. कॉफीचं मशीन निळं, त्याचं काचेचं भांडं लाल. वाढदिवसाला टेबलावर ठेवतो तो झेंडा लाल, त्याची काठी निळी. रजया निळ्या, त्यांच्या खोळी लाल. दर ख्रिसमसला एक घेऊन भिंतीवर लावलेल्या थाळ्या सम वर्षांच्या इकडे, विषम तिकडे. जाडजूड कोशाचे पहिले आठ खंड लाल, बाकीचे निळे, म्हणजे अर्धी अक्षरं तिच्याकडे आणि अर्धी माझ्याकडे.

विबेके दारात उभी राहून बघत होती. विचारलं, झेंडा आणि काठी वेगळी का? मी म्हटलं, निवडायच्या वेळी कळेल. ती म्हणाली, बरं. आणि भांडी घासायला गेली. गोंधळात पडली आहे.

२५ जानेवारी, सोमवार

कॉफी नाही. मशीन आणि भांडं एकत्र आणलं तर वाटणी मोडते. पाणी प्यायलो. पाणी उत्तम असतं. नाहीतरी कॉफी कमी करायचीच होती.

रजई बिनखोळीची टोचते.

२६ जानेवारी, मंगळवार

क्लब. मधोमध. हरलो. पोल-एरिकला वाटणीची रचना सांगितली. त्याने चष्मा काढून पुसला, परत घातला. म्हणाला, एस्किल, ही वाटणी नव्हे, ही तोडफोड आहे. मग म्हणाला, तिला राहा म्हणून विचारलंस का एकदा? मी म्हटलं, हेक्समध्ये समोरच्याला विचारत नाहीत. तो म्हणाला, बायकोला विचारतात रे.

त्याची बायको त्याला सोडून गेली तेव्हा त्याच्याकडे काही योजना नव्हती. म्हणून असं बोलतो.

३१ जानेवारी, रविवार

मारेनचा फोन, आरहूसहून. म्हणाली, बाबा, आईकडून कळलं ते खरं का? तू शिवणयंत्र आणि पेडल वेगळं केलंस? मी तिला पूल समजावून सांगितला. ती म्हणाली, तू बरा आहेस ना? जेवतोस ना? मी म्हटलं, एकदम ठणठणीत. काहीच वाटत नाहीये. ती म्हणाली, तेच विचारतेय मी.

तिच्या पिढीला दूरवरचं बघायची सवयच नाही.

७ फेब्रुवारी, रविवार

चांगली चिन्हं. विबेकेने पाणी तापवायची नवी केटली मागवली. परवा नवे टॉवेल आले. काल दिवा. सगळं खोक्यांसकट शिवणाच्या खोलीत रचून ठेवलंय. जिला घर सोडायचंय ती घरात नव्या वस्तू कशाला आणेल? हे मी फोनवर पोल-एरिकला विचारलं. तो म्हणाला, एस्किल. एवढंच. मग म्हणाला, मंगळवारी ये.

केटली सुरेख आहे. आमच्या स्वयंपाकघराला शोभेल. अजून उघडलेली नाही.

९ फेब्रुवारी, मंगळवार

क्लबला गेलो नाही. बर्फ. तिथे इतर सगळे आले होते म्हणे.

१४ फेब्रुवारी, रविवार

फास्टेलाव्हनचा सण. रस्त्यात पोरं वेश करून पिंप बडवत होती. विबेके बेकरीतून क्रीमचे गोल पाव घेऊन आली. दोन. एक मला दिला, बशीत घालून. बशी लाल ढिगातली. नियमभंग, पण बोललो नाही.

समोरासमोर बसून खाल्ले. तिच्या ओठाला क्रीम लागलं होतं. तेही बोललो नाही. आधी असतं तर पुसलं असतं. आधी म्हणजे कधी ते नीट आठवेना.

काही वाटलं नाही. पाव चांगला होता.

१६ फेब्रुवारी, मंगळवार

विबेके फसली. आज स्वतःहून विचारलं, बागेतल्या घराचं काय केलंस?

शहराबाहेरच्या बागांच्या वसाहतीत आमची एक छोटी बाग आहे, त्यात लाकडी घर, एका खोलीचं. उन्हाळ्यातले रविवार आमचे तिथेच जायचे. तिने लावलेली आंबट लाल करंट-फळांची झुडपं आहेत, मी लावलेलं एक सफरचंद, त्याला सफरचंदं येत नाहीत. तर मी तिला दाखवलं. घर लाल ढिगात, म्हणजे त्याचा फोटो. किल्ली निळ्या ढिगात. ज्याच्याकडे घर त्याला किल्ली मागावी लागणार, ज्याच्याकडे किल्ली त्याला घर. माझा सर्वात मजबूत पूल.

तिने किल्ली उचलली. बराच वेळ हातात धरून उभी होती. फोटोकडे बघितलं. मग किल्ली होती तिथेच ठेवली, निळ्या ढिगात, अगदी माझ्या खुणेवर.

संध्याकाळभर शिवणाच्या खोलीचं दार लावून बसली. इतकी छाप पडेल असं मलाही वाटलं नव्हतं. या नादात क्लबला जायचं राहिलं.

२३ फेब्रुवारी, मंगळवार

हिवाळी स्पर्धा संपली. सातवा. पण दोन मंगळवार गैरहजर, म्हणजे खरं तर पाचवा किंवा चौथा. पोल-एरिक पहिला. शेवटच्या डावात मी अखेर पहिली सोंगटी कडेला ठेवली. त्याने अदलाबदल केली नाही. म्हणाला, ही तुलाच राहू दे. आणि अर्ध्या तासात हरवलं.

जाताना म्हणाला, रविवारी मी येऊन बसू का तुझ्याकडे? मी म्हटलं, कशाला, प्रेक्षकांनी दडपण येतं.

२७ फेब्रुवारी, शनिवार

शिवणाच्या खोलीतली खोकी सकाळी मारेनचा नवरा गाडीत घालून घेऊन गेला. जागा करायला. खोली फार भरली होती.

उद्यासाठी शर्टाला इस्त्री केली. इस्त्री निळी, तिची फळी लाल, त्यामुळे जमिनीवर.

२८ फेब्रुवारी, रविवार, सकाळी

तयार. दोन्ही ढिगांवरची धूळ पुसली. कुठलाही ढीग निवडला तरी माझाच विजय. इतकं निश्चिंत मी कुठल्याच डावाआधी नव्हतो.

संध्याकाळी

विबेके कोट घालूनच आली. पायवाटेने खिडकीपर्यंत गेली, परत आली. म्हणाली, मला काही नको.

मी म्हटलं, हेक्समध्ये पास नसतो, चाल करावीच लागते. ती म्हणाली, मग दोन्ही तुझेच.

मी तिला पूल समजावून सांगायला लागलो. तिने मध्येच थांबवलं. म्हणाली, कळलंय रे मला, झेंडा नि काठी पाहिली तेव्हाच कळलं. पेडल मागायला मी इथे येत राहीन असं वाटलं तुला. अरे, मी नवीन मशीन घेतलं.

मग विचारलं, बॅग खाली नेऊ लागशील का? तीन मजले. उचलली तर हलकी होती. दुसऱ्या मजल्यावर ती थांबली, कठड्याला धरून. दम लागला असेल असं वाटलं. म्हणाली, बागेतलं घर तरी अख्खं ठेवायचं होतंस एका बाजूला. किल्लीसकट. मी तेवढंच निवडणार होते, बाकीचं सगळं तुला. आणि रविवारी तुला जेवायला बोलावणार होते. एकत्र राहणं जमत नाही, पण रविवारचं जमतं आपलं, असं मला वाटायचं.

मी म्हटलं, आत्ता वर जाऊन बदलतो. दोन मिनिटांचं काम आहे. ती म्हणाली, नको, एस्किल. टॅक्सी उभी आहे.

बॅग डिकीत ठेवली. ड्रायव्हरने विचारलं, एवढंच? ती म्हणाली, हो.

१ मार्च, सोमवार

सकाळी सगळा डाव परत मांडून पाहिला. लाल घेतला असता तर तिला यावं लागलं असतं. निळा घेतला असता तरी यावं लागलं असतं. एकही पूल तुटलेला नाही. रचनेत चूक सापडत नाही.

ती आपण होऊन मला बोलावेल, ही चाल मी धरलीच नव्हती.

पोल-एरिकचा फोन आला. म्हणाला, काय झालं? मी म्हटलं, दोन्ही ढीग मला मिळाले. तो म्हणाला, येऊ का? मी म्हटलं, ये. आधी कधी असं म्हटलं नव्हतं.

नऊ-साडेनऊच्या सुमारास, दाढी करताना, वाईट वाटलं. खूप. अजून वाटतंय. दाढी अर्धी राहिली आहे, तो यायच्या आत उरकायला हवी.