पिराजीचा पाय आणि माझा ट्रॅक्टर

मी, शांतव्वा बसगोंडा मगदूम, वय एकोणसत्तर, धंदा शेती आणि ट्रॅक्टर, राहणार हुलगेवाडी, तालुका गडहिंग्लज, जिल्हा कोल्हापूर, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी शुद्ध ठिकाणावर आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे वकिलांनी सांगितले. मला कुणी धाक घातलेला नाही, लाडीगोडीही लावलेली नाही. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही.

कलम एक. राहते घर, मागचा गोठा, विहिरीतला निम्मा हिस्सा आणि चार एकर बागायत माझी एकुलती मुलगी शिवांजली हिला द्यावी. ती आजऱ्याला काजूचा कारखाना चालवते, हिशेबाला पक्की आहे, तिला जास्त सांगायला नको. बँकेतली ठेवही तिचीच. दागिन्यांत पाटल्या उरल्या आहेत. त्या तिने वापराव्यात, कपाटात कोंडू नयेत.

कलम दोन. माझे दीर रुद्रय्या यांनी गेली वीस वर्षे दर नांगरटीला माझा बांध दोन बोटे कोरला. तो कोरलेला बांध मी त्यांना राजीखुशीने देते, म्हणजे त्यांच्या माथी चोरी राहणार नाही. शिवांजलीने त्यावरून भांडू नये. त्यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट आहे, ती पुढे येईल.

कलम तीन, ट्रॅक्टर. यासाठीच हा कागद करायला बसले, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचे यजमान गेल्यावर पुढच्या वर्षी, म्हणजे २०१० साली, मी हा ट्रॅक्टर घेतला. चौपन्नाव्या वर्षी चालवायला शिकले. लायसन काढायला गेले तेव्हा साहेबांनी दोनदा विचारले, "चालवणार कोण?" दोन्ही वेळा मी म्हणाले, "मीच की." गाव हसले. पण ज्याची गाडी चिखलात रुतली तो दारात येऊन "शांतक्का" म्हणून हाक मारू लागला. मी कुणाला नाही म्हटले नाही आणि कुणाकडून भाडे घेतले नाही. याचा मला फार अभिमान होता.

२०२१ च्या जुलैत सकाळी सातला पिराजी चौगुले आला. तो आमच्या शेजारच्या मळ्यातला, दुधाचे कॅन पिकअपने संघाला पोचवायचा. गाडी ओढ्यात रुतली होती आणि पाणी चढत होते. येताना त्याने पाच लिटर डिझेलचा कॅन आणला. मी नको नको म्हणत असताना त्याने ते माझ्या टाकीत ओतले.

मी साखळी लावली, सगळ्यांना लांब सारले. पिकअप हलली, तसा पिराजी मागून रेटायला म्हणून साखळीजवळून धावला आणि त्याच वेळी साखळीची कडी तुटली. मला आवाज आला तो ढोलावर एकच टिपरू पडल्यासारखा. वळून पाहिले तर पिराजी पाय धरून पाण्यात बसला होता. कोल्हापुरात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली काढला.

त्याची बायको बाळाबाई चाळीस दिवस माझ्याकडे बघत नव्हती. मी डबा नेऊन ठेवायचे, ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. ते तिचे बरोबर होते.

ट्रॅक्टरचा विमा होता. वकील म्हणाले, पिराजीने दावा लावावा, कंपनी देईल. पण कंपनीने हरकत घेतली, की ट्रॅक्टर शेतीच्या कामाला नव्हता, भाड्याने लावला होता, म्हणून आम्ही बांधील नाही. तसे ठरले असते तर सगळी भरपाई माझ्यावर आली असती आणि हे चार एकर आज लिहायला उरले नसते.

तेव्हा रुद्रय्या माझ्या ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, "वैनी, त्या डिझेलचं नाव काढू नगा. पिराजीला बी सांगा. त्याला पैसं मिळतील, तुमची जमीन वाचंल. यात कुणाचं वाईट हाय?"

पिराजीला मी काही सांगितले नाही, पण माझ्यापुरते ठरवले, की कोर्टात विचारले तर डिझेल नव्हतेच म्हणायचे. सल्ला दिरांचा होता, तयारी माझी होती. म्हणून त्या पापातला निम्मा वाटा मी माझ्या नावावर घेते.

पिराजीची साक्ष आधी झाली. कुबड्या टेकून तो पिंजऱ्यात उभा राहिला. कंपनीच्या वकिलांनी विचारले, "ट्रॅक्टरचं भाडं किती दिलंत?"

"भाडं न्हाई साहेब. पाच लिटर डिझेल वतलं."

ते त्याने स्वतः होऊन सांगितले. मी बाकड्यावर बसून ऐकत होते. वकील खूश झाले. "म्हणजे मोबदला दिलात."

"मोबदला म्हंजी?"

"कामाबद्दल द्यायचं ते."

"साहेब, डिझेल ट्रॅक्टरला दिलं. अक्काला काय दिलं न्हाई. अक्काला देण्याजोगं माझ्याकडं हाय काय?"

मग माझे नाव पुकारले. खोटे तोंडात घेऊन आलेली मी, सगळे खरे सांगून खाली उतरले.

बाहेर चिंचेखाली मी त्याला म्हणाले, "पिराजी, पाय गेला, आता पैसं बी घालवलंस की रं."

तो म्हणाला, "अक्का, गाडी काढायला आलीस तवा तुझ्या मनात काय खोटं न्हवतं. आता माझ्या मनात कशाला घालू?"

मी आजवर पुष्कळ मठ पाहिले, स्वामींच्या पायांवर डोके ठेवले. पण माझ्यामुळे पाय गेलेला माणूस माझ्यापुढे असा उभा होता, त्या वेळी वाटले तसे कुठेच वाटले नाही. त्याच्याकडे वर बघायचे धाडस मला बराच वेळ झाले नाही.

निकाल आठ महिन्यांनी लागला. न्यायाधीशांनी लिहिले, की शेजाऱ्याने टाकीत ओतलेले डिझेल हे भाडे होत नाही, आणि गावात रुतलेली दुधाची गाडी ओढणे हा शेतीच्याच जगण्याचा भाग आहे. कंपनीने भरपाई द्यावी. आमचे वकील म्हणाले, दुसऱ्या कोर्टात उलटही झाले असते. हे शिवांजलीने विसरू नये.

विम्याचे एजंट धैर्यशील यांना मी अकरा वर्षे दारातच उभे केले. "न झालेल्या गोष्टीचे पैसे नेणारा" असे चारचौघांत म्हटले. चहासुद्धा विचारला नाही. अपघाताच्या आधी दोन महिने पॉलिसी संपत आली होती आणि मी आजऱ्याला होते, तर हा माणूस मोटारसायकलने तिथवर येऊन सही घेऊन गेला. निकालानंतर मी त्यांना प्रथमच घरात बसवले आणि विचारले, "पिराजीला जे मिळालं ते कुणी दिलं?"

ते म्हणाले, "कंपनी नुसती हमाल हाय, शांतक्का. ज्यांनी भरलं आन ज्यांचं काय झालं न्हाई, त्यांनी दिलं."

मी दिवसभर सोप्यातून उठले नाही. शिरोळच्या नदीकाठच्या मळीतला कुणी, कुठल्या लांबच्या जिल्ह्यातली कुणी बाई, त्यांनी माझ्यासारखेच कुरकुरत पैसे भरले असतील. त्यांना पिराजी माहीत नाही, आमचा ओढा माहीत नाही. त्यांनी त्याला पाय बसवला, आणि त्यांना ते कधी कळणारही नाही. मग मनात आले, अकरा वर्षे माझे काही झाले नाही, तेव्हा मी भरलेले कुणाच्या हाताला, कुणाच्या लेकराला गेले असेल? शेजार म्हणजे बांधाला बांध, एवढेच मला ठाऊक होते. तो एवढा लांबवर पसरलेला असतो हे त्या दिवशी कळले.

तरी आदेश असे. ट्रॅक्टर शिवांजलीचा. शेजाऱ्याने हाक मारली तर तो निघाला पाहिजे. विमा एक दिवसही तुटू देऊ नये. शेजाऱ्याच्या कामात कुणाला इजा झाली तर पॉलिसी लागू होते का, हे दरवर्षी विचारून लेखी घ्यावे. तोंडी चालणार नाही. मडगार्डवर कुणाला बसवू नये, पाव्हण्यालाही नाही. ओढताना साखळीच्या टप्प्यात माणूस दिसला तर इंजिन बंद. तुटलेली साखळी भंगारात घालावी, आठवण म्हणून ठेवू नये. धैर्यशील पॉलिसी घेऊन येतील त्या दिवशी त्यांना घनसाळ तांदळाचा भात करून जेवू घालावे.

कलम चार. पान्यांची पेटी, जॅक आणि हवेचा पंप बाळाबाई चौगुले हिला. एक्केचाळिसाव्या दिवशी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मला गाडी शिकीव." मी तिला माझ्या रानात शिकवले. दुधाची पिकअप आता तीच चालवते, आणि माझ्यापेक्षा बरी चालवते.

कलम पाच, माझ्या देहाबाबत. आमच्या रिवाजाप्रमाणे मला बसवून माती द्यावी. समाधी बांधू नये, तिथे ऊस लावावा. मला ट्रॉलीतून न्यावे. त्या दिवशी कुणाची गाडी रुतली असेल आणि तो हाक मारायला आला, तर ट्रॉली सोडून ट्रॅक्टर आधी तिकडे न्यावा. मी बसलेलीच असेन. मला घाई नाही.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या मनासारखा आहे. साक्षीदारांच्या देखत मी सही केली आणि माझ्या देखत त्यांनी. त्या दोघांना यातले काही मिळायचे नाही.

सही: शांतव्वा बसगोंडा मगदूम

साक्षीदार:
१. सयाजी रामू देसाई, निवृत्त शिक्षक, हुलगेवाडी
२. विठाबाई गणू सुतार, हुलगेवाडी (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण: हुलगेवाडी
तारीख: १४ नोव्हेंबर २०२५