दादाच्या बोटीला रफू

तीर्थरूप दादास,

तुझ्या तोंडाळ धाकट्या बहिणीचा नमस्कार. (तोंडाळ हे तूच म्हणालास, मी नुसतं उतरवून घेतलं.) तू बरा असशील. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय आणि तू रोज खुर्ची ते खिडकी एवढंच चालतोस, असं कळलं. कुणाकडून कळलं ते विचारू नकोस. वहिनीला आशीर्वाद सांग, नाही, नमस्कार सांग. पत्र लिहायची सवय मोडली आहे, मायने उलटसुलट होतात. आम्ही इकडे सगळे ठीक आहोत. म्हणजे ह्यांच्या अंगावरची खाज गेली, माझ्या डाव्या हाताचं कातडं परत आलं, आणि फाटक उघडतं. फाटकाचं पुढे येईलच.

तू माझा फोन उचलत नाहीस, आज आठ महिने झाले, म्हणून हे पत्र. फोन ठेवून देता येतो, पत्र ठेवून दिलं तरी टेबलावर पडून माणसाकडे बघत राहतं. माझं अक्षर म्हणजे कोंबडी चिखलातून पळाल्यासारखं, तरी नेटानं वाच. आणि एक आधीच सांगते, मला तुझ्याकडून काहीही नको आहे. बोटीची खुशाली कळवावी, एवढ्याचसाठी लिहिते आहे.

तर बोट. गुडघ्यापायी तू ती भंगारात काढलीस, आणि भंगारवाला करवत घेऊन दारात उभा असताना मी ती तुझ्या अंगणातून ओढून आणली आणि चार माणसांत सांगितलं, महिन्याभरात पाण्यात उतरवून दाखवते. तू म्हणालास, "चौथीत शाळा सोडलेली तू, सुईदोऱ्यापलीकडे अक्कल नाही, फायबरची बोट तुझ्या बापाला तरी जमली असती का?" (बाप आपला दोघांचा एकच, हे रागात तुझ्या ध्यानात आलं नाही.) त्यावर मी जे बोलले ते इथे परत लिहीत नाही. तुला पाठ असेलच.

महिन्याचे आठ महिने झाले. पहिला महिना घासण्यात गेला. जुना रंग घासून काढायचा, मग खालचं फायबर खरवडायचं, म्हणजे नवा थर धरतो. मला वाटलं, भांडी घासण्याइतकंच काम. दादा, त्या फायबरची धूळ म्हणजे काचेचं पीठ. ती बाहीतून आत जाते, मानेतून आत जाते, दोरीवरच्या चादरीत बसते आणि मग रात्रभर माणसाशी बोलते. आमचे हे बिचारे बोटीला हातही न लावता सगळ्यात जास्त खाजले. सकाळी उठून दाराच्या चौकटीला पाठ घासत उभे राहायचे, म्हैस खांबाला घासते तशी. तोंडातून शब्द नाही. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, माणसाला कळलंय की बोलून खाज वाढते.

मग रेझिन. हे मधासारखं घट्ट असतं, ते सुकून कडक व्हावं म्हणून त्यात हार्डनरचे मोजके थेंब टाकायचे, ढवळायचं, काचेच्या कापडावर ब्रशानं लावायचं. किती थेंब ते डब्यावर छापलेलं असतं. ह्यांनी चष्मा लावून वाचायला सुरुवात केली. मी म्हटलं, छापलेलं वाचायची आवड असती तर मी चौथीत शाळा सोडली असती का? तीस वर्षं मी हाताच्या अंदाजानं कापड बेतते, कुणाचा खांदा बोटभर चुकला नाही. थेंब जास्त टाकले तर लवकर सुकेल, असा साधा हिशोब करून मी झाकणभर ओतलं. लवकर सुकलं. इतकं लवकर की ब्रश बाहेर काढायला सवड मिळाली नाही. बादलीतून धूर निघाला, बादली एका अंगाला वितळली, आणि मधे ब्रश असा ताठ उभा राहिला की जणू त्याला कुणी बक्षीस द्यायला बोलावलंय. ती ह्यांची आंघोळीची बादली होती. आता माझ्या शिवणाच्या दुकानाचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून आडवी लावते, छान काम देते.

दुसऱ्या वेळी धडा घेऊन थेंब कमी टाकले. मग नऊ दिवस बोट चिकटच. (सुकलं का बघायला रोज हात लावला, म्हणून ते कातडं.) सहाव्या दिवशी वारा सुटला आणि एका गिऱ्हाइकाची निळी पँट दोरीवरून उडाली ती थेट बोटीच्या पाठीमागच्या बाजूला जाऊन बसली. ओढली तर बाकीची पँट आली, मागचा खिसा तिथंच राहिला. गिऱ्हाइकाला मी सांगितलं की मागे खिसा नसण्याची सध्या पद्धत आहे. माणूस भला, पटलं त्याला. खिसा अजून बोटीवर आहे, तोंड उघडं ठेवून वरून एक थर दिलाय. चष्मा ठेवायला होईल.

तिसऱ्या वेळी ह्यांनीच न बोलता कानात औषध घालायची नळी आणून ठेवली आणि थेंब मोजत बसले. ते जमलं. कापड मी माझ्या कात्रीनं कापलं (कात्री बाद झाली), टोकाशी जिथे बोट निमुळती होते तिथे चुण्या न पडू देता कळ्या घातल्या, जशा घेरदार झग्याला घालते. खोटं बोलत नाही, तुझ्या बोटीचं नाक आता एखाद्या नवरीच्या झग्यासारखं बसलंय. तडे बुजवले, काठ बांधले, आणि मग सगळ्यात शेवटी मला ते भोक दिसलं.

मागे, अगदी तळाला, मधोमध. अंगठा जाईल एवढं, गोल. माझा जन्म लोकांची भोकं बुजवण्यात गेला. कोपराला, गुडघ्याला, विडीनं जळलेलं, उंदरानं कुरतडलेलं, भोक दिसलं की माझा हात थांबत नाही. शिवाय बोटीच्या बुडाला भोक! मला तुझीच लाज वाटली. वीस वर्षं माझा भाऊ भोक पडलेल्या बोटीत बसून मासे धरत होता आणि वर मला अक्कल शिकवत होता. मी आतून तीन थर दिले, बाहेरून चार, वरून घासून असं गुळगुळीत केलं की हाताचं बोट फिरवलं तरी जागा सापडू नये. आख्ख्या बोटीत माझं सगळ्यात देखणं काम तेच.

आता गळते का ते बघायचं. घागर गळते का बघायला आपण घागर पाण्यात नाही टाकत, घागरीत पाणी भरतो. मी नळाला पाइप लावला आणि सकाळी सकाळी, अंगणात फाटकाजवळ दोन बाकांवर ठेवलेली बोट काठोकाठ भरली. दादा, एक थेंब बाहेर आला नाही! मी बोटीभोवती तीन चकरा मारल्या, खाली वाकून बघितलं, कोरडं ठणठणीत. ह्यांना हाक मारून आणलं. हे पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "छान झालं. आता पाणी काढायचं कुठून?"

मी म्हटलं, काढू की. एवढं म्हणते आहे तोवर बोटीखालचं दुकानातलं बाक कडाडलं. (पाण्याला वजन असतं, हे पाचवीत शिकवत असणार.) मग दुसरं बाक. बोट एखाद्या लठ्ठ पाहुणीसारखी हळूच खाली बसली आणि बसताना फाटकाला टेकली. फाटक आतल्या बाजूला उघडतं. आम्ही दोघं आत, गिऱ्हाइकं बाहेर, मधे तुझी बोट, पोटभर पाणी पिऊन. हे कामावर भिंतीवरून गेले, डबा मी मागून फेकला.

दिवसभर मी बादलीनं पाणी उपसलं. बाहेर लोक उभे, फाटकावरून मापं सांगतात, एकीनं विचारलं, "ताई, आत कुणी बुडालंय का?" शेवटी तळाशी वीतभर उरलं तिथे बादली चालेना, म्हणून कोपऱ्यावरच्या प्लंबरला भिंतीवरून बोलावलं. त्यानं पाइप टाकला आणि म्हणाला, तोंडानं एकदा ओढा. मी ओढलं. आठ महिन्यांची काचेची धूळ मी त्या एका घोटात प्याले. पाणी निघून गेल्यावर तो बोटीत उतरला, तळाशी हात फिरवत विचारायला लागला, हिचं बूच कुठाय? मी म्हटलं, कसलं बूच? तो म्हणाला, बोट किनाऱ्यावर ओढली की आतलं पाणी जायला मागे भोक असतंच, पाण्यात उतरताना त्याला बूच लावायचं. मी ती गुळगुळीत जागा दाखवली. त्यानं माझ्या दुकानाच्या पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बाई, हे फाटलेलं नव्हतं हो. हे काज होतं. तुम्ही शर्टाचं काज रफू केलंत."

मी तुझ्या बोटीत बसले ती सगळी मिळून तीनदा, आणि तिन्ही वेळा डोळे मिटून. मला काय ठाऊक तिला मागे बटण असतं? सांगायला तू बोलत नव्हतास. यात चूक तुझीच निम्मी.

असो. बोट तयार आहे, भोक सोडून. वहिनीला म्हणावं, तुला जपते तितकंच स्वतःलाही जप.

तुझी बहीण

ता. क. भंगारवाल्यासमोर मी म्हणाले होते ना, की बोटीबरोबर तूही त्याच्या गाडीत बस, ते मी मागे घेते. वर कागदावर जागा होती, पण तिथे लिहवेना. मधे लिहिलं असतं तर बोटीच्या गडबडीत तुझ्या नजरेतून सुटलं असतं, म्हणून इथे.

ता. क. दुसरा. प्लंबर म्हणाला, ड्रिल आहे माझ्याकडे, दोन मिनिटांचं काम, आत्ता पाडतो भोक. मी त्याला भिंतीवरून परत पाठवलं. आमच्या धंद्यात बटण हातात घेतल्याशिवाय काज कापत नाहीत.

ता. क. तिसरा. वहिनीवर चिडू नकोस, मी खोदून खोदून विचारलं म्हणून ती बोलली. तुझ्या दाढीच्या डब्यात एक पितळेचं बूच आहे आणि ते तू दर रविवारी घासून पुसून परत ठेवतोस. भंगारात द्यायच्या बोटीचं बूच कोण घासतं रे दादा? भोक पाडायला गुडघा लागत नाही, बसून होतं, बाकं नवी करून घेतली आहेत. फाटक उघडं ठेवते. येताना बटण आण.