न उगवलेल्या दिवसाचे सुतक

॥ श्रीसूर्यनारायणाची कृपा असो ॥

इल्फर्ड,
९ डिसेंबर २०२०

चि. वैजयंतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

जो स्वतः जळून जगास दृष्टी देतो, त्या सवित्याने या काळोखात माझ्या धाकट्या बहिणीचा हात धरावा, एवढी प्रार्थना करून लेखणी उचलली आहे. तुझ्या नावामागे 'सौ.' लिहिण्याची हाताला चाळीस वर्षांची सवय. आज ते अक्षर लिहिले गेले नाही, आणि त्याच्या जागी दुसरे काही लिहवलेही नाही.

जयंतराव परवा, सात तारखेस, तिथल्या रुग्णालयात गेले. साथीच्या नियमांपायी तुला मुखदर्शन झाले नाही, दहनही परस्पर उरकले गेले, हे आठवून अन्न गोड लागत नाही. काल फोनवर तू सुतकाचे विचारलेस. माझ्या कानांच्या दोषामुळे उत्तर धड देता आले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. पतीचे सुतक दहा दिवसांचे. शास्त्राचा दिवस घड्याळाच्या बाराच्या ठोक्याने पालटत नाही. तो एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत असतो. असे दहा पुरे होईपर्यंत उंबरा ओलांडू नये, कारण तोवर गेलेला जीव घराभोवतीच असतो. योगायोग पाहा, तिथल्या सरकारनेही तुला दहाच दिवस घरात राहावयास सांगितले आहे. स्मृतिकारांचे आणि नॉर्वेच्या आरोग्य खात्याचे एकमत झाले, हे ऐकून जयंतराव खो खो हसले असते. माझ्या संस्कृताला ते 'सायलेंट मोडवरची भाषा' म्हणत, तेही आज गोड वाटते.

तुझ्या मालविकेला मँचेस्टरच्या रुग्णालयातल्या नोकरीतून रजा मिळाली असून तिने बावीस तारखेचे विमान ठरवले आहे. लोभ आहेच, तो उणा होऊ देऊ नकोस.

तुझा,
श्रीनिवास अण्णा


ट्रॉम्सो,
२९ डिसेंबर २०२०

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

सुतकात पत्राच्या माथ्यावर श्री लिहीत नाहीत, म्हणून जागा कोरी सोडली आहे.

तुमचे पत्र सोळा तारखेस पोहोचले. दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्यातल्या मुलीने फोन करून कळवले की माझे दहा दिवस भरले, आता मी बाहेर पडू शकते. मी तिला म्हटले की माझा अजून पहिलाही भरलेला नाही. तिने बिचारीने तारखा पुन्हा मोजून दाखवल्या. मग मी फोनच बंद करून ठेवला.

अण्णा, इथे सत्तावीस नोव्हेंबरला सूर्य मावळला, तो अजून उगवलेला नाही. जानेवारी अर्धा सरल्यावर उगवेल, आणि डोंगरावरून आमच्या खिडकीत यायला त्यापुढे आणखी आठवडा. तेव्हा तुमच्या शास्त्राने पाहता, ज्या दिवशी हे गेले तो दिवस अजून संपलेला नाही. ज्या दिवशी आम्ही दोघांनी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या चहा घेतला, तोही हाच दिवस. म्हणजे आम्ही आजच चहा घेतला. तुम्ही म्हणाल, चंद्रावरून तिथी मोज. कालपासून चंद्रसुद्धा मावळत नाही. कोणाला तरी शोधत असल्यासारखा घराभोवती फिरतो आहे.

हे मागच्या खोलीत आहेत. रुग्णालयाने यांचा चष्मा पिशवीत घालून परत पाठवला, तो मी तिथल्या मेजावर ठेवला आहे. बाहेरच्या थंडीतून माणूस उबेत आले की काचा धुरकटतात ना, तशा त्या घड्याळाच्या एका फेऱ्यात दोन-तीनदा धुरकटतात. मी पुसते. दिवा मालवायची सवय यांना जिवंतपणीही नव्हती, आताही नाही. मी काही विचारत नाही, हे काही सांगत नाहीत. आमचा संसार बराचसा असाच झाला.

भात एकदाच शिजवते. शेजारीण पायरीवर पिशव्या ठेवून जाते, पण मी दार उघडत नाही; हे पत्र तेवढे टपालात टाकण्यासाठी दाराच्या फटीतून तिच्याकडे सरकवीन. कडीला हात लावला की हे माझ्या मागे येऊन उभे राहतात. उघडले तर बाहेर पडतील, अशी भीती वाटते. तुमच्या नियमाने मला यांचा एवढा मोठा दिवस मिळाला, त्याबद्दल तुम्हास शतशः नमस्कार.

तुमची,
वैजू


॥ श्री ॥

मँचेस्टर,
७ जानेवारी २०२१

ती. श्रीनिवासमामांना,
सा. न. वि. वि. (बघा, विसरले नाही!)

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मेसेजला तुम्ही फक्त जोडलेले हात पाठवता, म्हणून हे लेटर. काल तुम्ही आईच्या पत्राचा फोटो पाठवलात. मी तीनदा वाचलं. रूममधला हीटर फुल असून मला थंडी वाजत होती.

बावीसची फ्लाइट एकवीसला कॅन्सल झाली, कारण आपल्याकडे नवा व्हेरियंट आला आणि नॉर्वेने यूकेची सगळी विमानं बंद केली. दोन तारखेला परत सुरू केली, पण टेस्ट निगेटिव्ह हवी म्हणाले. माझी पॉझिटिव्ह आली. वॉर्डमध्येच लागण झाली असणार. आता मी पण आत. दर आठवड्याला रूल बदलतात मामा, फक्त आईचा बदलत नाही.

शेजारच्या बाईने पोलिसांना कळवलं. ते गेले, आईने खिडकीतून हात हलवला, छान बोलली, ते निघून आले. घरात राहणं गुन्हा नाही, असं मला फोनवर सांगितलं. पण तिच्या हार्टच्या गोळ्या सतरा तारखेला संपतात. प्रिस्क्रिप्शनवरून मी स्वतः हिशोब केलाय. सूर्य येणार, त्यानंतर ती दहा दिवस मोजणार, म्हणजे महिनाअखेर. गोळ्यांशिवाय तेवढे दिवस ती काढणार नाही. मी नर्स आहे, मला माहीत आहे.

तुम्ही रागवाल, पण लिहितेच. हा रूल तुमचा आहे. आई डॉक्टरांचं, पोलिसांचं, माझं, कोणाचंच ऐकत नाही. ती फक्त अण्णा आणि अण्णांची पुस्तकं मानते. एवढ्या कपाटभर पोथ्यांत सूर्य नसलेल्या गावासाठी एक लाइन तरी असेल ना? नसेल तर शोधा. म्हणजे, काय म्हणतेय ते समजून घ्या.

बाबा असते तर म्हणाले असते, अण्णांना आता तरी व्हॉल्यूम वाढवायला सांग.

तुमची,
मालविका


॥ श्रीसूर्यनारायणाची कृपा असो ॥

इल्फर्ड,
८ जानेवारी २०२१

चि. वैजयंतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

मी तुला नियम सांगितला, पण तू कोणत्या आकाशाखाली राहतेस ते पाहिले नाही. विद्येचा ताठा तो हाच. तुझे पत्र वाचून पोथ्या पुन्हा उलगडल्या, आणि एका जीर्ण पोथीच्या समासात हे वचन आढळले:

यत्र नोदेति मार्तण्डस्तत्र श्वासैर्दिनं मितम् ।

जिथे सूर्य उगवत नाही, तिथे दिवस श्वासांनी मोजावा. एका अहोरात्रात मनुष्याचे एकवीस हजार सहाशे श्वास होतात. जयंतराव गेल्यापासून तुझे श्वास थांबलेले नाहीत, म्हणून दिवसही थांबलेले नाहीत. सुतक सोळा डिसेंबरलाच फिटले.

आणखी एक विचार कर. मालविकेने मँचेस्टरात दहा सूर्योदय पाहिले. पिता एकच. लेकीसाठी गेलेला आणि पत्नीसाठी न गेलेला, असा तो बापडा दोन दिवसांत एक-एक पाय ठेवून किती काळ उभा राहील?

हे वचन उंबऱ्यात उभी राहून मोठ्याने म्हण, दार उघड आणि गोळ्या आणव. ही विनंती नव्हे, थोरल्या भावाची आज्ञा आहे.

तुझा,
श्रीनिवास अण्णा


॥ श्री ॥

ट्रॉम्सो,
१५ जानेवारी २०२१

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

काल तुमचे पत्र आले. आज्ञेप्रमाणे उंबऱ्यात उभी राहिले आणि वचन म्हटले. माझी ओळ संपली आणि मागच्या खोलीतून पुढची ओळ आली. आवाज यांचाच, रुग्णालयातून शेवटचा फोन केला तेव्हा बसलेला होता तसा. मला काही उमगले नाही. मी पुन्हा म्हटले, पुन्हा तीच ओळ आली. तिसऱ्या वेळी पेन्सिलीने लिहून घेतली:

यस्य श्वासो न तस्याहर्मुञ्च मां द्वारि संस्थितम् ॥

लिहिण्यात चूकभूल असल्यास सुधारावी. 'सोड मला' एवढाच अर्थ लागला, आणि तेवढा पुरला. पण अण्णा, तुम्ही श्लोक अर्धाच का पाठवलात? आणि यांना तो कधी शिकवला होतात?

मी कडी काढली. एरवी दार उघडले की थंडी आत येते. काल आधी घरातली ऊब बाहेर गेली. गर्दीतून ओळखीचे माणूस पुढे निघते तशी, माझ्या खांद्याला लागून, सावकाश. त्यानंतर थंडी आत आली.

मग डोक्यावरून स्नान केले. शेजारणीला हाक मारली, ती धावत जाऊन गोळ्या घेऊन आली. फोन सुरू करून मालविकेशी बोलले. ती रडली, मी नाही. आज दोनदा जेवले. घर फार मोठे वाटते.

तुमची,
वैजू


॥ श्रीसूर्यनारायणाची कृपा असो ॥

इल्फर्ड,
२८ जानेवारी २०२१

चि. मालविकेस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

नॉर्वेने आता सीमाच बंद केल्याचे वाचले. तुझे जाणे लांबले तरी आई रोज फोन उचलते आणि गोळ्या घेते, त्यावर समाधान मानू. तुझ्या आईचे पत्र सोबत पाठवतो. ते वाचल्यावर मग पुढचे वाच.

तू 'समजून घ्या' असे लिहिले होतेस, मी समजलो. ते वचन कोणत्याही पोथीत नाही. आठ जानेवारीच्या सकाळी, दलियाची वाटी बाजूला सारून, स्वयंपाकघराच्या मेजावर मी ते रचले. पन्नास वर्षांत शास्त्राच्या नावे एक अक्षर खोटे सांगितले नव्हते. पहिली ओळ झाली आणि लेखणी खाली ठेवली. असत्य अर्धेच पुरे, असे म्हणून थांबलो. दुसरी ओळ मी रचली नाही. मनातही आणली नाही.

तीत म्हटले आहे: ज्याला श्वास नाही त्याला दिवसही नाही, दाराशी उभा आहे, मला सोड. वृत्त निर्दोष आहे. 'अहः' पुढे 'म' आला की विसर्गाचा रेफ, म्हणजे 'र्', होतो; तिथे भलेभले पंडित 'अहो' लिहून फसतात. वैजू संस्कृत कधी शिकली नाही. तुझ्या वडिलांनी शाळेत जर्मन घेतले होते. ओळ मी दहादा तपासली, एखादी चूक सापडावी म्हणून. चूक सापडली असती तर मी तिला माझ्या बहिणीच्या शोकाचा भास म्हणालो असतो आणि शांत झोपलो असतो.

आईला हे कळवू नकोस. तिने विचारलेल्या प्रश्नांना मी उत्तर दिलेले नाही, देणारही नाही. माझ्या असत्याचे प्रायश्चित्त मी करीनच. मात्र जे मी खोटे म्हणून अर्धे लिहिले, ते दुसऱ्या कोणी पुरे करून खरे केले, त्याला काय म्हणावे हे मला कोणत्याही ग्रंथात सापडत नाही. आता शोधतही नाही.

ही पत्रे एकत्र ठेव. पुढेमागे जो कोणी ती वाचील, त्याचे श्वास पुरे आणि सुखाचे होवोत. त्याच्या माणसांना त्याचे मुख दिसो. त्याच्या दाराशी कोणी थांबले असेल, तर कडी काढण्याइतके बळ त्याच्या हातात येवो, आणि बाहेर पडणाऱ्याची वाट उजळ होवो. सर्वांचे कल्याण असो.

तुझा,
श्रीनिवासमामा