जास्त घासला गेलेला कॅपो

तीर्थरूप दादास, धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर सध्या वाकू देते.) तुझा गुडघा काय म्हणतो? आमच्याकडे तसं ठीक आहे. हिच्या घशाचं ऑपरेशन होऊन सात महिने झाले, जखम भरली, पण ही गात नाही. बोलते भरपूर, मुख्यतः मलाच बोलते, पण गाणं बंद. घर कसं ओकंबोकं झालंय म्हणून सांगू.

मी आपला कामावरून आलो की खिडकीशी गिटार घेऊन बसायचो. कॅपो (तारांवर बसवायचा तो चिमटा, तुला काय सांगायचं, वर सरकवला की सगळे सूर चढतात) कायम चौथ्या पट्टीवर, कारण लग्नापासून हिचा आवाज तिथेच लागायचा. मी सुरुवात केली की ही उठून झाडांना पाणी घालायला जायची. दादा, एक झाड त्या पाण्यानं कुजलं.

गेल्या आठवड्यात एक तार भणभणायला लागली, म्हणून कॅपोचं रबर जरा सारखं करायला तो कारखान्यात नेला. (कवळ्या घासायच्या चाकावर माझा हात बसलेला आहे, हे तुला माहीत आहेच.) दुपारची वेळ, प्लास्टरची पांढरी धूळ उन्हात तरंगत होती, चाक मंद फिरत होतं, आणि मला ही आठवली, लग्नाआधीची, ओले केस पुसता पुसता गुणगुणणारी. त्या तंद्रीत किती वेळ गेला कोण जाणे. भानावर आलो तर रबराची दोन्ही टोकं साफ गेलेली. कॅपोऐवजी कवळी हातात असती तर कुणा मास्तरांना जन्मभर दुधावर राहावं लागलं असतं.

घरी येऊन तोच लावला, चुकून दुसऱ्या पट्टीवर. मधल्या तीन तारा दाबल्या गेल्या, कडेच्या तीन मोकळ्याच राहिल्या. डाव्या हाताचं बोटही न टेकवता मी नुसता उजवा हात फिरवला, आणि खोली हळूहळू सुरांनी भरली. खालचे, रुंद, संथ सूर. डोळे मिटून मी तेवढंच वाजवत राहिलो. तर आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालता घालता ही गायला लागली. जाडसर, थोड्या खरखरीत आवाजात. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला की ऑपरेशननंतर हिचा आवाज खाली उतरलाय, आणि मी गाढव हिला रोज चौथ्या पट्टीवर चढायला लावत होतो. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. हात मात्र थांबवला नाही.

रविवारी वहिनीला घेऊन ये. आलात की बाहेरच्या खोलीत गुपचूप बसा. कुणी वाहवा केली की ही गप्प होते.

तुझा धाकटा

ता. क. कॅपो तुझा होता. हरवला म्हणून मी तीनदा कळवलं तोच. आता परत मागू नकोस, तुझ्या कामाचा राहिलेला नाही.

आणखी एक ता. क. हे पत्र हिनं वाचलं. म्हणते, मी गात नव्हते, डॉक्टरांनी सांगितलेला घशाचा व्यायाम करत होते, दादांना उगाच काहीतरी कळवू नका. असेल बुवा. पण व्यायामाला दुसरं कडवं असतं हे मला तरी माहीत नव्हतं.